चाळीस पाटांची पंगत: फेब्रुवारीतल्या बेसबॉलच्या बातम्या कशा वाचायच्या

अमेरिकेतला बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस सुरू होतो, पण ज्या घरात बेसबॉल बघितलं जातं तिथे चुळबुळ फेब्रुवारीतच लागते. थंडी अजून ओसरलेली नसते, सामना एकही नसतो, आणि तरी रोज दोन-दोन ओळींच्या बातम्या येत राहतात. अमक्या पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, एका वर्षाचा करार. तमका साठ दिवसांच्या जखमी यादीत. कुणाला हंगामापूर्वीच्या सराव कॅम्पचं निमंत्रण, कुणाची अदलाबदल, कुणाचा नंबर दुसऱ्याला दिला. नव्या माणसाला यातलं काहीच उमगत नाही, कारण प्रत्येक ओळीच्या मागे एक नियम असतो आणि तो नियम वाचकाला ठाऊकच आहे असं धरून बातमी लिहिलेली असते.

माझा सांगलीचा मामेभाऊ शोहेई ओहतानी या जपानी खेळाडूमुळे बेसबॉल बघायला लागला. २०२४च्या फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "ताई, डॉजर्सनी त्या मार्गोला डिसेंबरात घेतलं आणि आता देऊनही टाकलं. एक मॅच खेळला नाही बिचारा. मग घेतला कशाला?" प्रश्न रास्त होता. मी इथे ॲरिझोनात राहते, दर वर्षी या दिवसांत डॉजर्सचा सराव बघायला जाते, तरी त्याला एका वाक्यात उत्तर देता येईना. शेवटी म्हटलं, "तू खेळाडू बघू नकोस, पाट मोज." तेच इथे सविस्तर सांगते, आणि उदाहरणही तेच घेते: लॉस एंजेलिस डॉजर्स, २०२४चा हंगाम सुरू होण्याआधीचे तीन महिने. इतक्या हालचाली एका हिवाळ्यात क्वचितच होतात, त्यामुळे सगळे नियम एकाच ठिकाणी बघायला मिळतात.

मूळ नियम एकच आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघाची एक चाळीस जणांची यादी असते. चाळीस म्हणजे चाळीस. मैदानात उतरायला पात्र असलेले सव्वीस जण याच चाळिसातले असतात. उरलेले चौदा जण जखमी असतात किंवा खालच्या लीगमध्ये खेळत वाट बघत असतात. संघाच्या पदरी खालच्या लीगमधले आणखी दीड-दोनशे खेळाडू असतात, पण ते या यादीबाहेरचे. पूर्वी लग्नात पंगती उठायच्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. मांडवात माणसं कितीही असोत, पाट चाळीसच मांडलेत. कुणी नवा बसायचा तर आधी कुणीतरी उठायला हवं, आणि यजमान कितीही श्रीमंत असला तरी त्याला एकेचाळिसावा पाट मांडता येत नाही.

आता ती श्रीमंती बघू, कारण त्या हिवाळ्यात सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. ९ डिसेंबर २०२३ रोजी ओहतानीनं डॉजर्सकडे जात असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षं, ७० कोटी डॉलर. त्या महिन्याच्या मध्यावर टँपा बेकडून पिचर टायलर ग्लासनाऊ आला आणि त्याच्याशी पाच वर्षांचा, साडेतेरा कोटी डॉलरच्या वर जाणारा करार झाला. महिनाअखेरीस जपानच्या ओरिक्स बफेलोजचा पंचवीस वर्षांचा योशिनोबु यामामोतो आला. त्यानं लागोपाठ तीन वर्षं जपानचा सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार मिळवला होता. करार बारा वर्षांचा, ३२.५ कोटी डॉलरचा, आणि ओरिक्सला द्यायची पाच कोटींहून जास्त रक्कम वेगळी. जानेवारीत आउटफिल्डर, म्हणजे लांबच्या मैदानात उभा राहणारा, तेओस्कार हर्नांडेझ एका वर्षासाठी २.३५ कोटींवर आला.

ओहतानीच्या सत्तर कोटींबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तो आकडा नुसता ऐकला तर गैरसमज होतो. वर्षाला सात कोटी डॉलरपैकी तो प्रत्यक्षात वीस लाखच घेतो. उरलेले ६.८ कोटी दर वर्षी मागे पडत जातात आणि ते त्याला २०३४ ते २०४३ या काळात मिळणार आहेत, तेही बिनव्याजी. दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत रुपयाहून कमी असते, हे बँकेत ठेव ठेवणाऱ्या प्रत्येकाला कळतं. म्हणून लीगच्या हिशोबात त्याचा वार्षिक भार सात कोटी न धरता सुमारे ४.६ कोटी धरला जातो. २०२४मध्ये संघाचा एकूण पगार २३.७ कोटींच्या वर गेला की जादा कर बसायचा. डॉजर्स त्या रेषेच्या कितीतरी वर होते, त्यामुळे असा प्रत्येक कमी झालेला डॉलर त्यांना मोलाचा होता. पैशाचं एवढं पुरे.

पैशावर असे तोडगे निघतात. पाटावर निघत नाहीत. यादी भरत आली होती, आणि एकेक नवा माणूस आत येताना कुणाला तरी उठवणं भाग होतं. ही उठणारी माणसं बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतात. मला ती ओळ सर्वात महत्त्वाची वाटते.

मायकल बुशचं बघा. २०१९मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत डॉजर्सनी त्याला पहिल्याच फेरीत निवडलं. २०२३मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या संघात, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली, त्यानं २७ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारे फटके) मारले, .३२३च्या, म्हणजे दहात तीनहून जास्त यशस्वी फटक्यांच्या, सरासरीनं फलंदाजी केली आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. याहून जास्त खालच्या लीगमध्ये सिद्ध करण्यासारखं काही उरत नाही. पण वर जागा कुठे होती? बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, आणि प्रत्येकापाशी एक क्षेत्ररक्षक असतो. पहिल्या बेसवर फ्रेडी फ्रीमन, दुसऱ्यावर मुकी बेट्सला आणायचं ठरलेलं, तिसऱ्यावर मॅक्स मन्सी, डाव्या बाजूच्या मैदानात तेओस्कार. बुश जिथे जिथे खेळू शकत होता तिथे तिथे त्याच्यापेक्षा मोठा माणूस उभा. नुसती फलंदाजी करणाऱ्याचीही एक जागा असते, पण ती ओहतानीची. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बुश आणि पिचर येन्सी अल्मोंते यांना शिकागो कब्जकडे पाठवलं आणि बदल्यात जॅक्सन फेरिस व झायर होप ही दोन कोवळी पोरं घेतली.

वरवर बघता हा सौदा आतबट्ट्याचा. तयार फलंदाज देऊन खालच्या लीगमधली मुलं घेतली. पण पाट मोजा. बुश आणि अल्मोंते दोघेही चाळिसातले होते. फेरिस आणि होप दोघेही चाळिसाबाहेरचे, कारण नव्यानं आलेल्या मुलांना काही वर्षं यादीत घ्यावं लागत नाही. म्हणजे दोन माणसं गेली, दोन आली, आणि तरी दोन पाट मोकळे झाले. त्याच आठवड्यात तेओस्कारचा करार अधिकृत झाला. बुशचंही भलं झालं हे मला मनापासून सांगावंसं वाटतं: शिकागोत त्याला पहिला बेस मिळाला आणि २०२४मध्ये त्यानं तिथे २१ होम रन मारले. तो कमी पडला म्हणून गेला नव्हता. पंगतीत त्याच्यासाठी पाट नव्हता, एवढंच.

असं कुणी घेणारं तयार नसेल तर दुसरी वाट असते. बातमीत येतं की अमक्या खेळाडूला ‘असाइनमेंटसाठी’ काढलं. त्याचा अर्थ, तो त्या क्षणी यादीतून उठला. पुढच्या सात दिवसांत संघानं त्याची अदलाबदल करायची, किंवा वेव्हर म्हणजे इतर सगळ्या संघांपुढे "कुणाला हवाय का" असं विचारायचं, किंवा त्याला मोकळं करायचं. या सात दिवसांत खेळाडू घरी बसून फोनकडे बघत असतो. ‘ऑप्शन’ हा शब्दही इथलाच. चाळिसातल्या खेळाडूला साधारण तीन हंगामांत हवं तेव्हा खालच्या लीगमध्ये पाठवता येतं. ते तीन हंगाम संपले की त्याला खाली पाठवण्याआधी सगळ्या संघांना विचारावं लागतं आणि तो हातचा जाऊ शकतो. म्हणून ‘अमक्याचे ऑप्शन संपले’ ही तीन शब्दांची बातमी दिसली की समजायचं, या कॅम्पमध्ये त्याला सव्वीस जणांत बसायचंय, नाहीतर बहुतेक दुसरं गाव.

आता त्या जखमी यादीकडे येते, कारण फेब्रुवारीतल्या बातम्यांचं सगळ्यात मोठं कोडं तिथे आहे.

क्लेटन कर्शॉ २००८पासून डॉजर्सखेरीज कुणाकडून खेळलेला नव्हता. नोव्हेंबर २०२३मध्ये त्याच्या डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. डावा म्हणजे चेंडू टाकण्याचाच हात. उन्हाळ्याआधी तो खेळणार नाही हे उघड होतं. त्याचा करार संपला होता, तो परत डॉजर्सकडेच येणार असं ज्याला त्याला वाटत होतं, आणि तरी डिसेंबर गेला, जानेवारी गेला, सही झाली नाही. सही झाली फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, कॅम्प उघडत असताना. यामागे रुसवाफुगवी शोधायची गरज नाही. लांबच्या जखमींसाठी एक साठ दिवसांची यादी असते आणि तिच्यात गेलेला माणूस चाळिसात मोजला जात नाही. पगार चालू, उपचार चालू, पण पाट रिकामा. मात्र ही सोय हिवाळ्यात बंद असते. कॅम्प उघडले की ती सुरू होते. ज्या माणसाला उन्हाळ्यापर्यंत खेळायचंच नाही त्याला डिसेंबरात घेतलं असतं तर दोन महिने एक पाट अडकून पडला असता. फेब्रुवारीत घेतलं आणि तो थेट त्या साठ दिवसांच्या यादीत गेला. त्या वसंतात टोनी गोन्सोलिन आणि डस्टिन मे हे दोन पिचरही त्याच यादीत होते. म्हणजे तीन पाट. फेब्रुवारीच्या मध्यावर सगळ्याच संघांच्या एवढ्या सह्या एकदम का होतात, याचं एक मोठं कारण हे आहे. कर्शॉ पुढे २५ जुलैला मैदानावर उतरला.

गोन्सोलिन आणि मे यांच्या नावापुढे टॉमी जॉन हे शब्द येतात. हे शस्त्रक्रियेचं नाव आहे, आणि त्या नावाचा माणूस डॉजर्सचाच पिचर. १९७४च्या उन्हाळ्यात त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला. तोवर ही जखम म्हणजे कारकीर्द संपली असंच मानत. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ला त्याच्या दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळचा एक स्नायुबंध काढला आणि कोपराच्या हाडांना भोकं पाडून तुटलेल्या बंधाच्या जागी तो ओवला. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असं जोब यांनी त्याला सांगितलं होतं. टॉमी जॉन १९७५चा अख्खा हंगाम बसून राहिला, १९७६मध्ये परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

आपल्या मनगटात तो स्नायुबंध बघायचा असेल तर अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरीसारखं जे वर येतं ते. काही जणांच्या हातात तो नसतोच आणि त्यांचं काही अडतही नाही, म्हणूनच तो काढून दुसरीकडे वापरता येतो. आज ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली आहे, पण वेळ तेवढाच लागतो. साधारण बारा ते अठरा महिने. बातमीत शस्त्रक्रियेची तारीख दिलेली असेल तर स्वतः बोटांवर महिने मोजावेत. ‘वेळेआधी बरा होतोय’ या वाक्यापेक्षा ते मोजणं भरवशाचं.

वॉकर ब्यूलरची तर दुसरी वेळ होती. पहिली २०१५मध्ये, दुसरी ऑगस्ट २०२२मध्ये. फेब्रुवारी २०२४ म्हणजे अठरा महिने झाले होते, तो चेंडू टाकत होता, आणि तरी संघानं त्याला पहिल्या दिवसापासून उतरवलं नाही. दोन वर्षं विश्रांती घेतलेला हात एका हंगामात किती चेंडू झेपवेल याला मर्यादा असते. ते चेंडू एप्रिलमध्ये संपवायचे की ऑक्टोबरमधल्या बाद फेरीसाठी राखायचे, असा तो विचार होता. ओहतानीच्याही कोपरावर १९ सप्टेंबर २०२३ला शस्त्रक्रिया झाली होती, पण तो पिचरही आहे आणि फलंदाजही. कोपर बरं होईपर्यंत चेंडू टाकता येत नाही, बॅट मात्र काही महिन्यांत धरता येते. म्हणून २०२४चा पूर्ण हंगाम तो फक्त फलंदाज म्हणून खेळणार हे आधीच जाहीर होतं. २७ फेब्रुवारीला पहिल्याच सराव सामन्यात त्यानं होम रन मारला.

‘वैद्यकीय तपासणीच्या अधीन’ हे शब्दही असेच नीट वाचायचे. पिचर जेम्स पॅक्स्टनशी जानेवारीत रक्कम ठरल्याची बातमी आली, मग तपासणी झाली आणि हमीची रक्कम खाली आली. उरलेली कमाई तो किती सामने खेळतो त्यावर ठेवली गेली. सही होईपर्यंतचा आकडा म्हणजे साखरपुडा, लग्न नव्हे.

आता खुद्द कॅम्प. तीसपैकी पंधरा संघ फ्लोरिडात सराव करतात, पंधरा इथे ॲरिझोनात. डॉजर्स १९४८पासून साठ वर्षं फ्लोरिडातल्या व्हेरो बीचला जात होते. २००९पासून ते फीनिक्सजवळच्या ग्लेनडेलमध्ये कॅमलबॅक रँच इथे येतात. शिकागो व्हाइट सॉक्सही त्याच आवारात. मधे एक तळं आहे. मुख्य स्टेडियमच्या मागे सरावाची मैदानं आहेत आणि सकाळी तिथे कुणालाही जाऊन कुंपणापाशी उभं राहता येतं.

सगळ्यात आधी बोलावतात ते पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर यांना, बाकीचे आठवडाभरानं येतात. कारण हात. फलंदाज दहा दिवसांत लयीत येतो, पिचरच्या हाताला सहा आठवडे लागतात. आधी मोकळ्या मैदानात लांबून झेलाझेल. मग बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, पंचवीस-तीस चेंडू, समोर फलंदाज नाही. मग एक दिवस विश्रांती. मग समोर फलंदाज उभा करून पण सामन्याबाहेर. मग सराव सामन्यात नऊ डावांपैकी एक डाव, चार-पाच दिवसांनी दोन, असं चढत चढत पाच-सहा डावांपर्यंत. ही शिडी मधेच चुकवता येत नाही. आणि एवढे चेंडू टाकायचे तर झेलायला माणसं हवीत, म्हणून कॅचर. २०२४मध्ये डॉजर्स आणि सान दिएगो पाद्रेस यांचे पहिले दोन सामने २० आणि २१ मार्चला दक्षिण कोरियात, सोलला होते. इतर संघांच्या आठवडाभर आधी. म्हणून ही शिडीही लवकर लावावी लागली आणि डॉजर्सचे पिचर फेब्रुवारीच्या ८ तारखेलाच हजर झाले.

बुलपेनजवळ उभं राहिलं की पहिल्यांदा लक्षात येतो तो आवाज. पाच-सहा पिचर एका ओळीत, प्रत्येकासमोर गुडघ्यांवर बसलेला कॅचर, आणि चेंडू ग्लोव्हच्या चामड्यात शिरतो तेव्हा उठणारा तो कोरडा ‘थाड्’. थोडा वेळ कान दिलात तर आवाजात फरक कळू लागतो. चेंडू ग्लोव्हच्या खोलगट भागात नेमका बसला तर एक खणखणीत आवाज, जरा बाजूला लागला तर बोदा. त्या वर्षी यामामोतोच्या मागे जपानी पत्रकारांची भिंतच उभी असायची. तो चेंडू टाकायचा आणि एकदम पन्नास कॅमेऱ्यांची टकटक व्हायची. दोन मैदानं सोडून, जिथे एकही कॅमेरा नव्हता, तिथे ८०-९०च्या घरातले नंबर पाठीवर घेतलेली मुलं तेवढ्याच मन लावून पळत होती.

नंबरांवरून आठवलं. ओहतानीला सतरा नंबर हवा होता आणि तो पिचर जो केलीकडे होता. केलीच्या बायकोनं, ॲशलीनं, ओहतानीनं डॉजर्सकडे यावं म्हणून ‘घ्या आमचा नंबर’ अशी हौसेनं मोहीमच चालवली होती. केलीनं नंबर दिला, स्वतः नव्याण्णव घेतला, आणि ओहतानीनं ॲशलीला एक पोर्शे गाडी पाठवली. हिवाळ्यातल्या असंख्य बातम्यांत ही एक अशी होती की जिच्यात कुणालाच उठावं लागलं नाही.

सराव सामन्यांचे निकाल मी वाचते आणि सोडून देते, वाचकांनीही तेच करावं. २२ फेब्रुवारीला डॉजर्सनी पहिला सराव सामना पाद्रेसविरुद्ध १४-१ असा जिंकला. त्यातून काही कळलं नाही. यामामोतोला सराव सामन्यांत चांगलाच मार पडला, सोलला त्याच्या पहिल्या खऱ्या सामन्यात तर त्यानं एकाच डावात पाच धावा दिल्या. लोक म्हणू लागले, गेले बत्तीस कोटी. हंगाम संपला तेव्हा त्याची सरासरी नऊ डावांमागे तीन धावा अशी होती आणि वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात त्यानं न्यूयॉर्क यांकीजना सहाहून जास्त डावांत फक्त एक हिट दिली. ‘वजन घटवून आलाय’, ‘नवा चेंडू शिकलाय’ या बातम्याही दर फेब्रुवारीत प्रत्येक संघाच्या येतात. त्या खऱ्याच असतात, पण सगळ्यांच्याच येतात, म्हणून त्यांच्यावरून भाकीत करता येत नाही.

एका प्रकारच्या बातमीवर मात्र बारीक लक्ष ठेवावं: कोण कुठल्या जागेवर सराव करतोय. गॅव्हिन लक्सचा गुडघा २०२३च्या फेब्रुवारीत एका सराव सामन्यात दुखावला. दुसऱ्या बेसवरून तिसऱ्याकडे धावताना चेंडू चुकवायला तो वाकला, पाय अडखळला, अस्थिबंध तुटला आणि पूर्ण हंगाम गेला. २०२४मध्ये तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, म्हणून परतणार आणि बेट्स दुसऱ्या बेसवर, अशी आखणी होती. पण कॅम्पमध्ये लक्सचे फेक भरकटू लागले. शॉर्टस्टॉपहून पहिल्या बेसपर्यंत लांब आणि घाईचा फेक करावा लागतो, दुसऱ्या बेसहून तो बराच जवळचा असतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांनी दोघांच्या जागा बदलल्या. ज्यानं बेट्सला उजव्या मैदानातला, उत्तम क्षेत्ररक्षणाच्या गोल्ड ग्लोव्ह पुरस्काराचा विजेता म्हणूनच ओळखलं त्याला हे नवल वाटलं. जे फेब्रुवारीत कुंपणापाशी उभे राहून लक्सचे फेक बघत होते त्यांना वाटलं नाही.

आता मामेभावाच्या मार्गोकडे. मॅन्युएल मार्गो हा उजव्या हातानं खेळणारा आउटफिल्डर. ग्लासनाऊच्या सौद्यात तो टँपाहून त्याच्यासोबत आला, कारण टँपाला त्याचा पगार कमी करायचा होता आणि डॉजर्सकडे डिसेंबरात त्याच्यासाठी काम होतं: डावखुऱ्या पिचरसमोर उतरणारा राखीव आउटफिल्डर. मग जानेवारीत तेओस्कार आला, तोही उजव्या हाताचा, आणि मार्गोचं काम अर्धं झालं. फेब्रुवारी संपत आला तरी एन्रिके हर्नांडेझ, ज्याला सगळे कीके म्हणतात, मोकळाच होता. कीके आधी सहा हंगाम डॉजर्समध्ये काढलेला, संघाचा लाडका, आणि मुख्य म्हणजे आउटफिल्डबरोबर बेसजवळच्या इनफिल्डमध्येही कुठेही उभा राहणारा. राखीव पाट मोजकेच असतात, तिथे दोन कामं करणारा माणूस एका कामाच्या माणसाला मागे टाकतो. २६ फेब्रुवारीला मार्गो मिनेसोटा ट्विन्सकडे गेला. बदल्यात खालच्या लीगमधला एक मुलगा आला, चाळिसाबाहेरचा. पाट रिकामा झाला आणि कीके एका वर्षाच्या करारावर त्यावर बसला.

मामेभाऊ म्हणाला, "म्हणजे त्याची चूक काहीच नाही?" नाही. फक्त ट्विन्सचा कॅम्प देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला असतो, आणि मार्गोला महिनाभरापुरतं थाटलेलं बिऱ्हाड उचलून तिकडे जावं लागलं.

पाट मिळालेल्यांबद्दल बोलले. ज्यांना पाट नसतानाही मांडवात बोलावतात त्यांच्याबद्दल राहिलं. यादीबाहेरचे निमंत्रित असं त्यांना म्हणतात. करार खालच्या लीगचा, पण सराव मोठ्यांच्या कॅम्पमध्ये. यात दोन प्रकारची माणसं असतात: वर येणारी पोरं आणि खाली घसरलेले जुने. ही बातमी सर्वात छोटी असते. नावांची एक लांब यादी, तिच्यात पंधरा-वीस जण. मी ती यादी दोनदा वाचते.

जेसन हेवर्ड २०२३मध्ये असाच आला होता. शिकागो कब्जनं त्याला करार बाकी असताना सोडलं होतं, उरलेला पगारही तेच देत होते. कॅम्पमध्ये त्यानं जागा मिळवली, त्या हंगामात १५ होम रन मारले आणि पुढच्या वर्षासाठी डॉजर्सनी त्याला ९० लाख डॉलर दिले.

२०२४च्या यादीत डॅनियल हडसन होता. छत्तीस वर्षांचा पिचर. २०१९मध्ये वॉशिंग्टननं वर्ल्ड सीरिज जिंकली तेव्हा शेवटचा बाद त्यानं मिळवला होता. कोपरावर दोन टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेल्या. २०२२मध्ये डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, २०२३मध्ये परतला, तीन सामने खेळला आणि दुसरा गुडघा दुखावला. त्या फेब्रुवारीत कॅमलबॅक रँचला कॅमेरे ओहतानीकडे होते, यामामोतोकडे होते. हडसन खालच्या लीगच्या करारावर बाजूच्या बुलपेनमध्ये आपले पंचवीस चेंडू टाकत होता. हंगाम सुरू होताना त्याचं नाव सव्वीस जणांत होतं. वर्षभरात तो साठहून जास्त सामन्यांत उतरला.

३० ऑक्टोबर २०२४ला न्यूयॉर्कमध्ये डॉजर्सनी पाचव्या सामन्यात वर्ल्ड सीरिज जिंकली. शेवटचे तीन बाद घेतले ते ब्यूलरनं, ज्याचे चेंडू वसंतात राखून ठेवले होते त्यानं. ड्रेसिंग रूममध्ये शॅम्पेन उडत असतानाच हडसननं निवृत्त होत असल्याचं सांगितलं.